वर गार, खाली कढत

आमच्या लेकीचं, सरूचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९९२च्या उन्हाळ्यात, कासू स्टेशनावर उतरणारी माणसं एकाएकी वाढली. रोह्याहून, अष्टमीहून, पेणहून लोक यायचे आणि खाडीच्या बांधावरून तासभर चालत आमच्या मिठागरावर पोचायचे. कुणाच्या कडेवर लुळं पोर, कुणाची कंबर धरलेली. सगळे एका खड्ड्यासाठी यायचे. एक बैलगाडी मावेल एवढा, कमरेइतका खोल खड्डा. त्याचं पाणी वर गार आणि खाली कढत होतं.

तो खड्डा मी आणि माझ्याबरोबर मिठागरावर राबणाऱ्या काळुरामने खणला होता. मीठ काढल्यावर कप्प्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, जे कडू पाणी उरतं, ते पुन्हा मिठात गेलं तर मीठ कडवट होतं. म्हणून ते त्या खड्ड्यात सोडायचो. काम सुटलं की आम्ही चाळीसेक माणसं खड्ड्यावरच्या फळीवर बसून गोड्या पाण्याने पाय धुवायचो. पायांच्या भेगांत खार राहिला तर आग आग होते. धुतलेलं पाणी हळूहळू खड्ड्यात ओघळायचं. वर्षानुवर्षांची रीत, त्यात कुणाला काय वाटणार?

चैत्रात काळुरामचा तांब्या खड्ड्यात पडला. तो काढायला त्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि ओरडतच बाहेर काढला. म्हणाला, "वर गार हाय, नि खाली कोनी चूल पेटवलीय."

आठ दिवसांत बाबा आला. कुठून आला ते कुणी विचारलं नाही. नाव तप्तनाथ महाराज, कफनी भगवी, आवाज लग्नातल्या भोंग्यासारखा. उन्हेऱ्याच्या गरम कुंडातली माता भुयारातून चालत इथं आली आहे, असं त्याने सांगितलं. एवढ्या लांब ती का चालली, याचंही उत्तर तयार होतं: तिला आगरी माणसाचं मीठ आवडतं. आम्ही खूश झालो. मिठाला भाव नव्हता, पण देवीला तरी आवडलं.

त्याचे दोन नियम होते. पाणी ढवळायचं नाही, मातेची झोप मोडते. आणि रोज सकाळी गोड्या पाण्याचा अभिषेक करायचा, तोही पाण्यावर पत्रावळ तरंगत ठेवून तिच्यावर धार धरून, म्हणजे मातेच्या अंगाला पाणी लागायला नको. आजारी माणसाने मंगळवारी फळीवर बसून आरती संपेपर्यंत पाय खाली सोडायचे. चटका बसला तर पाप जळतं आहे असं समजायचं. बहुतेकजण पहिल्या ओळीलाच पाय वर घ्यायचे आणि शरमेने मान खाली घालायचे.

माझ्या बायकोने, धोंडुबाईने पाय वर घेतले नाहीत. पाच मेचा तो मंगळवार. ती पूर्ण आरतीभर शांत बसली. बाबाने तिला हात धरून उठवलं आणि चारशे माणसांना सांगितलं, "बघा, ही बाई निष्पाप हाय. मातेने हिचे पाय जवळ केले."

हे बोलणं तिला कसं लागलं असेल ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. सरू जगली, तरी गावच्या बाया धोंडुबाईला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. सरूच्या लग्नातही ती मागे भिंतीला टेकून उभी होती. आणि आज त्याच बाया तिच्या पायांना हात लावत होत्या.

मला मात्र दुसरी गोष्ट माहीत होती. तिला साखरेचा आजार होता. पेणच्या डॉक्टरने माझ्यासमोर तिच्या पावलाला सुई टोचली होती आणि तिला ती कळली नव्हती.

घरी मी तिला तसं बोललो. ती म्हणाली, "अवो, तीस वर्सं माझ्या पायांना गाव नावं ठेवतो. तवा तुमी काय बोललात नाय. आता कोन चांगला बोलतो तर तुमाला सुई आठवते."



त्या साली मी पन्नाशीत अक्षरं गिरवत होतो. आमचा साक्षरतेचा वर्ग चंद्रावती घ्यायची, गावचीच मुलगी, कॉलेजात विज्ञान शिकलेली. मी तिला खड्ड्यापाशी नेलं. तिने शाळेतून काचेची तापमापी आणली होती. दोरीला बांधून पाण्यात सोडली, तर वर एकतीस अंश आणि तळाला सत्तावन्न.

"केरूकाका, चुलीवरचं पाणी तापलं की काय होतं?" तिने विचारलं.

"खालचं वर येतं."

"मग हे का येत नाही?"

त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, माझ्या हातांत होतं. कडू पाणी जड असतं. मिठागरात जन्म गेलेल्याला ते बादली उचलताच कळतं. ते तापलं तरी वरच्या गोड्या पाण्यापेक्षा जडच राहतं, म्हणून वर येऊ शकत नाही. उरलेलं चंद्रावतीने सांगितलं. उन्हाचे किरण पाण्यातून आरपार खाली जातात, तळाच्या काळ्या चिखलात मुरतात आणि त्यांची उष्णता होते. पाणी वर चढलंच नाही तर ती उष्णता तळाशीच साठत जाते. वरचं गोडं पाणी म्हणजे तिच्यावर घातलेली गोधडी. ती गोधडी आम्ही पाय धुऊन धुऊन विणली होती. बाबाने ती ओळखली आणि पत्रावळीने जपली; धार पानावर पसरली की खालच्या पाण्यात घुसळण होत नाही. ढवळलं की सगळं एक झालं असतं, म्हणून मातेची झोप.

चंद्रावती म्हणाली, "काका, आधी काकीला थांबवा."

मी म्हणालो, आधी सिद्ध करू. डोळ्यांनी पाहिलं की ती आपण होऊन थांबेल. तिचा मान मी हिसकावला असं तिला वाटायला नको होतं.

माझ्या कप्प्यामागे मी आणि काळुरामने दुसरा खड्डा खणला. कडू पाणी भरलं, पत्रावळ ठेवली, हळूहळू वर गोडं पाणी सोडलं. रोज मोजायचो. अडतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. मला आकडे नुकतेच लिहिता येत होते, वहीत ते वाढताना पाहून मी खूश व्हायचो. तिकडे धोंडुबाई दर मंगळवारी पाय सोडून बसतच होती; बारा तारखेला तिच्या पावलांना फोड आले. बाबा म्हणाला ही मातेची फुलं. एकोणीसला कातडी सुटली. ती म्हणाली दुखत नाही, आणि ते खरंच होतं.

सव्वीस मेला, पुन्हा मंगळवारीच, आमच्या खड्ड्यात अठ्ठेचाळीस अंश भरले. धोंडुबाईला त्या सकाळी ताप होता. शेजारच्या इंदुबाईला तिच्यापाशी बसवून मी मिठागरावर गेलो. चंद्रावतीने लोकांना आमच्या खड्ड्यापाशी आणलं. इथं माता नाही, आरती नाही, हात घालून बघा, असं तिने सांगितलं. लोकांनी हात घातले आणि झटकन काढले. मग काळुराम बाबाकडे वळून म्हणाला, "म्हाराज, तुमी येवढे निष्पाप. एक डाव आरतीभर पाय सोडून बसा की."

बाबा म्हणाला, त्याचा आज उपास आहे. लोक पहिल्यांदाच हसले. काळुरामने बांबू घेऊन मातेचा खड्डा ढवळला. दुसऱ्या सकाळी तिथं नुसतं कोमट पाणी होतं आणि बाबा पहिल्या गाडीने निघून गेला होता.

खड्डा ढवळला त्याच दिवशी मी धावत घरी गेलो, तिला सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हंजे माझे पाय होते तसेच."

पेणला डॉक्टरने पट्टी उघडली. पावलं शिजली होती, काळी पडली होती. त्याने विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी आकडे लिहीत होतो.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पाणी वर गार आणि खाली कढत का, हे विचारायला देवी लागत नाही. मिठाचं वजन आणि उन्हाची ताकद माहीत असली की पुरे. जिथं ढवळायला मनाई असेल, तिथं आधी ढवळा. आणि माणूस भाजत असेल तर पुराव्याची वाट पाहू नका. आधी त्याला बाहेर ओढा, पटवणं मग होईल. बाईच्या पायांत ना पाप असतं ना पुण्य. हे मी गावाला तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, पण विष वर चढलं होतं. माझी बायको धोंडुबाई गुरुवारी, ११ जून १९९२ रोजी सकाळी वारली. ती सेहेचाळीस वर्षांची होती.