दारातलं गोड पाणी

"काय गं मबरूका, घरी दात घासायचे राहिले वाटतं?"

प्रयोगशाळेच्या मोरीपाशी ती बोटावर टूथपेस्ट घेऊन उभी होती. एरवी लामीनला तिने तिथल्या तिथे उलट टोला दिला असता. आज नुसतं "हं" म्हणाली आणि इलेक्ट्रोडच्या टोकाला बसवलेला चिमुकला स्फटिक हलक्या बोटाने घासत राहिली. फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड मंदावला, आकडा स्थिरावायला वेळ लावू लागला, की टूथपेस्टने त्याचं तोंड उजळायचं, हे तिला लामीननेच शिकवलं होतं. सूफच्या वाळवंटातल्या त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दोघांचे केस बरोबरच पिकले होते.

इलेक्ट्रोड मंदावला आहे, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं. तो मंदावलेला निघावा, असं फक्त मबरूकाला मनातून हवं होतं.

सकाळी तिने पिशवीतून आणलेल्या बाटलीतलं पाणी मोजलं, तर फ्लोराइडचा आकडा लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर गेला. दीडच्या पुढचं पाणी पिऊ नये, दात डागाळतात. स्फटिकाखाली बुडबुडा अडकला असेल, म्हणून तिने इलेक्ट्रोड झटकून पुन्हा बुडवला. तेच. आतलं जुनं द्रावण काढून ताजं भरलं. तेच. आता घासून झाल्यावर तिने तो शुद्ध पाण्याने धुतला, मऊ कागदाने टिपला आणि फ्लोराइडचं प्रमाण ठाऊक असलेली द्रावणं एकामागून एक मोजली. प्रत्येकाचा आकडा जिथे यायला हवा तिथेच आला. मग प्लॅस्टिकच्या पेल्यात बाटलीतलं पाणी, तेवढंच बफरचं द्रावण, आणि खाली गरगरणारी चुंबकाची कांडी. मीटरवरचे आकडे थोडे हलले आणि थांबले.

तीनच्या वर.

"यंत्र ठणठणीत आहे," लामीन तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. "कुठलं पाणी हे?"

"आमच्या दारातलं."

लामीन खुर्ची ओढून बसला. त्या नळाचं पाणी त्यानेही कितीदा ओंजळीने प्यायलं होतं. मबरूकाची आई गेल्यावर तिच्या बापाने, बलगासेमने, अंगणात कूपनलिका घेतली होती आणि नळ मुद्दाम रस्त्याच्या बाजूला, भिंतीबाहेर काढला होता. येणाराजाणारा पाणी पिईल आणि त्याचं पुण्य तिच्या कबरीत तिला पोचत राहील, म्हणून. गावाच्या नळाला खारट पाणी यायचं, हे गोड होतं. सगळी गल्ली तिथेच कॅन भरायची.

"हा नमुना तपासायला कुणी सांगितलेला नाही," लामीन हळूच म्हणाला. "ओत मोरीत. म्हाताऱ्याला सुखानं जगू दे."

"आणि रूमैसाचं काय?"

रूमैसा मबरूकाच्या भावाची मुलगी, घरातलीच. तिचे पुढचे नवे दात नुकतेच आले होते आणि त्यांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते, कडेला तपकिरी झाक. मबरूका जन्मभर तोंडावर हात धरून हसत आली होती. आपले दात जुन्या विहिरीने नासले, पोरीचे तरी पांढरेशुभ्र येतील, असं ती धरून चालली होती.

लामीनने मीटर बंद केला. पेला तिनेच विसळला.

घरी आली तेव्हा बलगासेम भिंतीच्या सावलीत बसला होता. त्याची मान आखडलेली, कुणाकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. तो तसाच अंगासकट तिच्याकडे वळला.

"लवकर सुटलीस?"

"बाबा, या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्यालायक नाही हे."

"वेडी झालीस? साखरेसारखं पाणी आहे. तुझ्या त्या काडीला जीभ तरी आहे का?"

"याला चवच नसते, बाबा."

"दात म्हणशील तर माझेही काळे आहेत. मेलो का मी?"

"तुमची मान, तुमची पाठ... ते नुसतं वय नसेल, बाबा. हाडांतही उतरतं हे."

त्याने हात झटकला. तेवढ्यात रूमैसा आतून बाटली घेऊन आली. नळ सोडून भरायला लागली आणि आत्याकडे बघून हसली. बलगासेमची नजर तिच्या दातांवर थांबली. पोर बाटली भरून आत गेली.

"उकळून प्यायलं तर?" त्याने विचारलं.

मबरूकाला वाटलं, खोटं बोलावं.

"उकळलं की पाणी आटतं. फ्लोराइड आटत नाही. वाढतंच."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या आईच्या नावानं..." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्याने बाजूला केला. रागाने नव्हे. उठायचं होतं त्याला.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो मशिदीच्या दारात उभा राहिला आणि आपल्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं. कुणी हळहळलं, कुणी वैतागलं. शेजारची म्हातारी दलिला कॅन घेऊन आलीच. "मला दे रे भरून. माझे कुठे दात उरलेत आता!"

"नको गं बाई," तो म्हणाला. "पाया पडतो."

पान्याने नळ त्याने स्वतःच काढला. मबरूका पुढे झाली तर म्हणाला, "हे मला करू दे." पाइपाच्या तोंडाला बूच बसवलं आणि पाणी मागच्या खजुरांकडे वळवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो शुद्ध केलेल्या विकतच्या पाण्याचा घडा घेऊन भिंतीपाशी बसू लागला. एकदा उन्हाचा एक मजूर आला, वाळूने माखलेला, आणि भिंत चाचपू लागला.

"चाचा, इथे नळ होता ना?"

"होता."

बलगासेमने वाडगा भरून दिला. मजूर घटाघट प्यायला, तोंड पुसलं, आणि रीतीप्रमाणे दोन्ही हात वर उचलले.

"कुणाच्या नावानं दुआ मागू?"

मबरूका दारात उभी होती. बाप आईचंच नाव घेणार, असं तिने धरलं होतं. तो सगळं अंग वळवून पाइपाच्या बुचाकडे बघत राहिला.

"ज्यांनी इथलं पाणी प्यायलंय," तो म्हणाला, "त्यांच्यासाठी माग."

मजुराला ते कळलं नाही. तरी त्याने डोळे मिटले, आणि बलगासेमने रिकामा वाडगा मांडीवर ठेवून आपलेही हात उघडले.