गेरूचे अर्धे पाऊल

जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या त्या गल्लीत गुरुवारी दुपारपासूनच रिक्षा शिरेनाशी होई. बंगल्याच्या फाटकापासून पार नाक्यापर्यंत माणसे उभी. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, कारखान्याची पहिली पाळी संपवून हातात रिकामा डबा घेऊन आलेले कामगार, कॉलेजातली पोरे. सगळ्यांच्या टाचा वर आणि माना पुढे. बघायची होती एक मोटार.

मोटार जुनी, काळी, लांबडी. बंगल्याच्या अंगणात, घराकडे तोंड करून उभी. तिचे पुढचे झाकण कायमचे उघडे ठेवलेले, म्हणजे आत इंजिन नाही हे सगळ्यांना दिसावे. इंजिनाच्या जागी समई आणि देवीची तसबीर. मोटारीत चालक नाही. चाकांना झेंडूच्या माळा. आणि अशी ही मोटार दर गुरुवारी दिवेलागणीला, झांजांच्या कल्लोळात, आपणहून थोडी फिरे. घराकडचे तोंड फाटकाच्या दिशेने वळवू लागे.

"इंजन नहीं, डिरायवर नहीं, पेट्रोल नहीं!" मोटारवाले महाराज ओरडत. "माँ खींचती है, गाडी घूमती है! ज्या दिवशी गाडीचं तोंड फाटकाला लागेल ना, त्या दिवशी गेलेला वापस! लिहून ठेवा!"

कोणी लिहून ठेवत नव्हते. पण अनसूयाबाईंनी ते काळजावर कोरून घेतले होते.

त्यांचा मुलगा विनय तोफखान्यात होता. डिसेंबरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर गेला. लढाई संपली, जबलपुरात पेढे वाटले गेले, आणि त्यानंतर तार आली. बेपत्ता, बहुधा कामी आला. संक्रांतीच्या सुमारास त्याच्या तुकडीतला एक दोस्त हात गळ्यात बांधून घरी आला. तो उंबऱ्याच्या आत आलाच नाही. विनयच्या बायकोला, हेमलताला, त्याने बाहेरच सांगितले, "भाभी, मैं उसके बगल में था." पुढचे त्याने थोडक्यात सांगितले. ती जमीन नंतर शत्रूकडे राहिली, म्हणून काही आणता आले नाही, तेही सांगितले.

हेमलताने ते घरात सांगितले तेव्हा अनसूयाबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यानं काय नाडी पाहिली होती?"

"आई..."

"त्यांची पोरं इथं आपल्या छावणीत कैदेत आहेत. जिवंत आहेत, जेवून राहिली, पत्ते खेळून राहिली. मग माझा तिकडं काहून नसेल?"

रात्री अंथरुणावर हेमलतानेही स्वतःला हाच प्रश्न विचारला होता.

महाराजांकडे कोणीतरी शेजारीण घेऊन गेली. तिथे अनसूयाबाईंनी नवस बोलला: मोटारीचे तोंड फाटकाला लागेपर्यंत अन्न घेणार नाही. नर्मदेचे पाणी, मूठभर राजगिरा, एवढ्यावर राहीन. त्यांना साखरेचा आजार होता. फाल्गुन सरता सरता हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. तपासायला आलेले डॉक्टर हेमलताला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी काही दिवस असंच चाललं तर सलाईन लावायला बोलवाल. त्यानंतर कशालाच बोलवायचं काम पडणार नाही."

महाराजांनी मात्र त्यांना मोटारीजवळ खास आसन दिले होते. लोक मोटार बघत आणि मग त्यांना बघत. "ये देखिए, वीरमाता!" महाराज म्हणत. "बेटा जिवंत आहे. गाडी सांगून राहिली! लेकिन धीरे, धीरे. माँ परीक्षा लेती है." दर गुरुवारी मोटार थोडी फिरे आणि फाटक थोडे उरे. माउली जितकी वाळत होती, तितकी गर्दी वाढत होती.

हेमलता मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या डोळ्यांना एक गोष्ट पहिल्याच गुरुवारी टोचली होती. मोटार वळली, पण चाकावरचा झेंडू वरच्या वरच राहिला. चाक फिरलेच नव्हते. चाक न फिरता गाडी वळते कशी? आणि मोटार थांबल्याबरोबर चेले मोरपिसांच्या कुंच्यांनी खालची पांढरी माती का झाडून घेतात? भेडाघाटच्या संगमरवराचा तो बारीक चुरा अंगणभर पसरलेला असे. झाडलेला चुरा पुड्यांत बांधून प्रसाद म्हणून वाटला जाई.

हे सगळे दिसत असूनही, मोटार हलली त्या क्षणी तिचे स्वतःचे काळीज एकदम उसळले होते. ते तिने कोणाला सांगितले नाही.

सासऱ्यांशी ती बोलली. भाऊराव कारखान्याच्या भांडारात कारकून होते. निवृत्तीला आलेले.

"मामाजी, तिथं काहीतरी लबाडी आहे."

"असंल."

"मग आईंना सांगा ना. तुमचं ऐकतील."

भाऊराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. "तार आली तेव्हापासून ती भिंतीशी बोलत होती, हेमा. आता माझ्याशी बोलते. म्हणते, विनू आला की त्याले भरल्या वांग्याची भाजी करीन. मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"पण त्या चालल्या ना मामाजी! आपल्या डोळ्यांसमोर जाऊन राहिल्या!"

भाऊरावांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

चैत्रातल्या त्या गुरुवारी अनसूयाबाई घरून निघतानाच वेगळ्या दिसल्या. पिशवीत झाकण लावलेली वाटी होती.

"हे काय आई?"

"गेरू कालवलाय. महालक्ष्म्यांना आपण पावलं काढतो ना दारापासून आतपर्यंत? तशी विनूची काढते. परक्या अंगणात येईल बिचारा, त्याले रस्ता कसा समजंल?"

ही रीत त्यांच्या घरातली. ओल्या गेरूत मूठ बुडवायची, मुठीची कड जमिनीवर दाबायची की टाच आणि तळवा उमटतो. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. एक डावे, एक उजवे. वर्षानुवर्षे त्या हाताने ती पावले काढली होती. गौरींसाठी, आणि विनय लहानपणी मागे-मागे येऊन हट्ट करी म्हणून त्याच्यासाठीही, थोडी मोठी.

फाटकापासून त्यांनी सुरुवात केली. लोकांनी वाट दिली. बसत, सरकत, थांबत त्या मोटारीभोवती बांधलेल्या दोरीपर्यंत आल्या आणि दोरीखालून आत गेल्या. त्या दोरीच्या आत कोणाला पाऊल टाकायची मुभा नव्हती.

"माताजी, यहाँ नहीं! जगह अपवित्र होगी!" एक चेला धावला.

"माझ्या पोराच्या पावलानं अपवित्र होते?" अनसूयाबाईंनी इतक्या साध्या आवाजात विचारले की गर्दीतून 'च्च च्च' असा सूर उठला.

महाराजांनी गर्दीकडे पाहिले, वाटीकडे पाहिले. रांगोळीसारखेच काही असेल, झाडले की जाईल, असे त्यांना वाटले असावे. "करने दो," ते हसून म्हणाले. "माँ की ममता है."

चुऱ्यावर गेरू धरेना, म्हणून अनसूयाबाई प्रत्येक ठिकाणचा चुरा तळहाताने बाजूला सारत आणि खालच्या टणक फरशीवर मूठ उमटवत गेल्या. शेवटचे पाऊल मोटारीच्या दाराशी लागले. उन्हाने ती सगळी बघता बघता वाळली.

दिवे लागले. आरती सुरू झाली. झांजा अशा वाजू लागल्या की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. मोटार थरथरली आणि हळूहळू हातभर फिरली. जयजयकार झाला. चेल्यांनी कुंचे चालवले. वरचा पांढरा चुरा निघून गेला. गेरू मात्र फरशीला चिकटून बसला होता.

हेमलता दोरीला रेलून बघत होती. फाटकापासूनची पावले सरळ येत होती. मध्येच एका ठिकाणी ती तुटली होती आणि पुढची सगळी पावले हातभर बाजूला सरकून दुसऱ्याच दिशेने मोटारीकडे जात होती. तुटले होते तिथे एक पाऊल अर्धे होते. टाच इकडे, पाच बोटे तिकडे.

चेल्याच्याही ते लक्षात आले. तो पाण्याची बादली आणायला पळाला. महाराज मात्र कसलेले. त्यांनी हात उंचावले. "देखो, देखो! चमत्कार! बेटे के चरण चल पडे! पावलं चालली! आज गाडी नहीं, बेटा खुद चला है!"

गर्दीत बाया रडू लागल्या. अनसूयाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांत असा उजेड होता की हेमलताला विनयच्या लग्नातला त्यांचा चेहरा आठवला. हा उजेड आपण विझवायचा? क्षणभर तिला वाटले, गप्प बसावे. मग बांगडी दिसली, कोपरापाशी अडकलेली.

ती दोरीखालून आत गेली आणि बादली घेऊन आलेल्या चेल्याच्या वाटेत, त्या अर्ध्या पावलाजवळ बसली.

"आई, इकडे या. हे पाऊल तुम्ही कसं काढलं होतं?"

"जसं काढतात तसं."

"मग ते चाललं असेल, तर टाच काहून मागे राहिली?"

"बहनजी, श्रद्धा की बात में..." महाराज पुढे झाले.

"तुम्ही थांबा," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या. मूठ वळली आणि टाचेच्या खुणेवर ठेवली. तंतोतंत बसली. मग बोटे टेकवायला गेल्या. तिथे नुसती फरशी होती. त्यांची बोटे हवेत तशीच थांबली, जणू अंधारात कोणाचा चेहरा चाचपताहेत.

हेमलताने अंबाड्यातला आकडा काढला आणि टाचेच्या कडेला फरशीवर टेकवला. तो आत गेला. तिने तो पुढे ओढला. आकडा फटीतून सरकत गेला, मोटारीच्या मागून, बाजूने, पुढून, आणि पूर्ण गोल फिरून पुन्हा त्या टाचेपाशी आला. झांजा केव्हाच थांबल्या होत्या.

"मोटार फिरत नाही," ती लोकांकडे वळून म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघावा असा तिचा प्रयत्न होता. "मोटारीखालची जमीन फिरते. जात्याच्या वरच्या दगडासारखी. म्हणून चाक हलत नाही. म्हणून हे लोक चुरा पसरतात, फट बुजवायला. आणि वरचा लगेच झाडतात, म्हणजे फटीवर चुऱ्यात पडलेली गोल रेघ कोणाला दिसू नये. तो प्रसाद नाही. तो पुरावा आहे. तुमच्या हातांनी हे तो घरी पाठवतात."

"झूठ!" महाराज ओरडले.

"झूठ असंल तर खालचं तळघर उघडा," मागून आवाज आला. भाऊराव होते ते, कामावरून परस्पर आलेले. चष्मा डोळ्यांवर होता. चार-सहा कामगारांना घेऊन ते बंगल्याच्या बाजूच्या बुटक्या दाराकडे गेले. दार आतून लावलेले होते. दोन धक्क्यांत ते उघडले आणि घामाने निथळणारा एक म्हातारा बाहेर आला. बंगल्याचा जुना नोकर, बळीराम.

"मुझे मत मारो, भैया. मी फक्त दांडा फिरवतो. दर गुरुवारी मोजके फेरे."

मग सगळे निघाले. मागच्या महायुद्धात कारखान्यांना लाकूड पुरवून गब्बर झालेल्या एका कंत्राटदाराने हा बंगला बांधला. शौक मोठे. मोटारीचे चाक जमिनीतल्या पट्टीवर आले की आपोआप उघडणारे दार केले, मोटारीखाली उभे राहायला खड्डा केला, आणि गल्ली अरुंद म्हणून अंगणात ही लोखंडी चकती बसवली. मोटार सरळ आत यायची, खाली बळीराम दांडा फिरवायचा, तिचे तोंड बाहेर व्हायचे.

"मालक म्हणायचे, मी मागे येत नसतो," बळीराम म्हणाला.

मालक गेले. त्यांचे पुतणे भय्यासाहेब यांच्याकडे हा ओस बंगला आला आणि महाराजांना ओस जागाच हवी होती. फरशीवर चुरा पडला, इंजिनाच्या जागी देवी बसली. श्रीमंताच्या आळसाचे यंत्र गरिबाचे दैवत झाले.

महाराज पळू लागले तेव्हा लोकांनी धरले. कोणी चप्पल काढली. अनसूयाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तशी चप्पल खाली आली.

"लढाईनं माझं पोरगं एकदा नेलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर गुरुवारी नेत होते."



पोलीस येईपर्यंत अंगणात गर्दी होती. हातातल्या पुड्यांचे काय करावे हे बायांना कळत नव्हते. एक तरुण बाई, जिचा भाऊ असाच परतला नव्हता, हेमलताला म्हणाली, "दीदी, आपने अच्छा नहीं किया." हेमलताने तिचा हात धरला. "मलाही यायला हवा होता गं तो," ती म्हणाली. "म्हणून तर मी एवढे दिवस गप्प बसले. आपल्याला जे खरं व्हायला पाहिजे असतं ना, तेच आधी खाली वाकून तपासून पाहायचं. रडायचं असेल तर खऱ्यावर रडू. खोट्याच्या पायी उपाशी नको मरायला."

गर्दी पांगू लागली तेव्हा अनसूयाबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तो दांडा तुम्हाला फिरवता येते?"

"काहून?"

"मी नवस बोलले आहे. तोंड फाटकाला लागेपर्यंत. कोणी का फिरवेना. माझा शब्द मी दिला होता, त्यानं नाही."

भाऊराव बळीरामला घेऊन खाली उतरले. या वेळी झांजा नव्हत्या. लोखंडावर लोखंड घासल्याचा, जुना, कण्हल्यासारखा आवाज अंगणभर ऐकू आला. मोटार फिरत गेली. तिच्याबरोबर गेरूची तुटकी पावले फिरत गेली, ती पाच बोटेही. काळ्या मोटारीचे तोंड फाटकाला येऊन लागले आणि आवाज थांबला.

फाटक उघडे होते. पलीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला दिवा, दिव्याखाली एक रिकामी रिक्षा. अनसूयाबाई तिकडे बघत राहिल्या. जेवढे बघायचे तेवढे त्यांनी पुरेपूर बघितले. मग पदराने गेरूचा हात पुसला.

"हेमा," त्या म्हणाल्या, "घरी तांदूळ आहेत ना?"

"आहेत, आई."

"चल मग. भात टाक. तू पण दोन दिवसांपासून धड जेवली नाहीस."

रिक्षात दोघी एकमेकींना टेकून बसल्या, आणि तार आल्यापासून पहिल्यांदाच, मिळून रडल्या.