कासव सोडून अंदमान

"कासव सोडून बाकी सगळं पाहू," इंदूआजी म्हणाल्या, आणि जेवणाच्या टेबलाशी सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

बघणारच. त्यांच्या समता कॉलनीत असं एक घर नव्हतं जिथे इंदूआजींचं कासव पोचलं नव्हतं. लहानपणी राजिमला महानदीला पूर आला, देवळाकडे जायची वाट बुडाली, तेव्हा आजी कासवाच्या पाठीवर बसून कुलेश्वरापर्यंत गेल्या, देवाला बेल वाहिला आणि त्याच कासवावरून घरी परतल्या. गोष्टीत आधी ते कासव पाटाएवढं होतं. मुलाच्या, शिशिरच्या, मुंजीपर्यंत पलंगाएवढं झालं. आणि नात ईरा गोष्टी ऐकण्याजोगी झाली तोवर त्याच्यावर आजींच्या दोन मैत्रिणी आणि एक बकरी बसायला लागली होती.

टेबलावर अंदमानचा नकाशा होता. तो उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर चिवड्याचा डबा ठेवलेला.

"काहून पण, आई?" सून गंधालीने विचारलं. "तुमच्या कासवासाठीच तर जानेवारी धरून राहिलो आपण. तेव्हाच येतात ते दिगलीपूरले, अंडी घालायले."

"लय दूर आहे ते. बसमध्ये माह्ये गुडघे आखडतीन."

"परवा पंडरीत साडीसाठी अख्खा बाजार पालथा घातला, तेव्हा नाही आखडले?" शिशिर म्हणाला.

"ते बाजाराचे गुडघे होते. प्रवासाचे वेगळे."

शिशिर रेल्वेत. त्याच्या वडिलांची सगळी नोकरीही रेल्वेतच झाली. त्यामुळे या घराचं जग रेल्वेचा पास चालतो तिथे संपायचं. आता पहिल्यांदाच रूळ नसलेल्या ठिकाणी जायचं होतं, तर तो गाडीसारखा बोटीचाही आरक्षणाचा चार्ट कधी लागतो ते विचारत बसला होता.

"त्यापेक्षा हे बाराटांग पाहू," आजींनी नकाशावर बोट ठेवलं. "तिथे चिखलाचा ज्वालामुखी आहे म्हणते गंधाली. माह्या मावशीच्या आंगनात होता तसा एक. पापड भाजून घ्यायचो आम्ही त्याच्यावर."

"आई, तो गरम नसते."

"मावशीचा होता."

सगळे हसले. आजीही हसल्या, पण खरं कारण पोटातच राहिलं. काल ईरा क्लासला गेली असताना गंधालीने मोबाईलवर दिगलीपूरचं कासव दाखवलं होतं. बिचारं परातीएवढं! वाळू उपसता उपसता दमून थांबत होतं. आजींना ते इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. आणि मग लक्षात आलं. त्याच्यावर बकरी कुठून बसणार?

शिशिरने ती गोष्ट कधीच सोडून दिली होती. कॉलनीतले लोक सुरुवात व्हायच्या आतच हसायचे. एकटी ईरा विचारायची, ते काय खात होतं, पाठ घसरत होती का. ईराने ती परात पाहिली की संपलं. मग ऐकणारं कोण उरणार?

"चला, दिगलीपूर कॅन्सल," शिशिर खुशीत म्हणाला. "ते दोन दिवस हॅवलॉक बेटावर आराम करू."

ईरा टेबलावरून उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने आजीही तिकडे गेल्या.

"काय झालं गं पोट्टे?"

ईराला मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत यायचं. "आजी, वो छोटा होता है. मुझे पता है."

आजींनी कठडा धरला. "कोणं सांगितलं तुले?"

"स्कूल में फिल्म दिखाई थी. पिछले साल."

"पिछले साल?" आजी तिच्याकडे बघत राहिल्या. या वर्षभरात त्यांनी बकरीला शिंगं दिली होती, कासवाला नाव दिलं होतं. "अन् तरी मले रोज विचारून राहिली होती?"

"हव." ईराने खांदे उडवले. "आप इतना अच्छा बताते हो." मग हळूच म्हणाली, "पर मुझे सच्ची वाला भी देखना है. आपके साथ."

खाली एक भाजीवाला ओरडत गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला तरी आजी तिकडेच बघत होत्या.

मग त्या आत आल्या, शिशिरचं नकाशात हॅवलॉकवर ठेवलेलं बोट धरलं आणि सरळ वर, पार उत्तर टोकाला, दिगलीपूरवर नेऊन टेकवलं.

"आणि गुडघे?" शिशिरने विचारलं.

"माह्ये गुडघे मी पाहून घेईन. तू बसची सीट पाहा, खिडकीची."

शिशिरने गंधालीकडे पाहिलं. गंधालीने चिवड्याचा डबा आजींपुढे सरकवला.

ईरा दारातूनच म्हणाली, "आजी, सच्ची वाला कितना बड़ा होगा?"

आजींचे हात सवयीने दोन्हीकडे लांब गेले. मग थांबले. सावकाश जवळ येत येत ते परातीएवढ्यावर आले.

ईरा पुढे आली. तिने आजींची दोन्ही मनगटं धरली आणि थोडीशी लांब केली.