अक्षर उमटेपर्यंत

बटणावरचं अक्षर केव्हाच पुसून गेलं होतं. उरला होता नुसता गुळगुळीत खळगा, आणि तिचं बोट न बघता त्यात जाऊन बसत होतं. तिने बटण दाबलं. पडद्यावर काही नाही… मग अक्षर. पुन्हा दाबलं. काही नाही… मग अक्षर. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागत असेल. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण तृप्तीला कालपासून तेवढंच जाणवत होतं, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं.

कीबोर्ड जुनाच, त्याला जोडलेला लॅपटॉप नवा – म्हणजे आपल्यापुरता नवा, कुणीतरी वापरून विकलेला. राजुरात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवऱ्याचं, सोमेश्वरचं, लग्नपत्रिकांचं दुकान होतं, आणि पत्रिकांची अक्षरं जुळवायचं काम पहिल्यापासून तिचं. जुना कॉम्प्युटर मागच्या महिन्यात वीज वरखाली झाली तेव्हा जो गेला तो गेलाच. तिचा जीव त्या कॉम्प्युटरमध्ये नव्हता, आतल्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. तिची बोटं त्याच्यावरच शिकली होती. कोणतं अक्षर कुठे, हे तिला विचारलं तर सांगता आलं नसतं, बोटांना विचारावं लागलं असतं. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्याच्याच फायलींत होती.

सोमेश्वरचा मावसभाऊ कल्याण भोकरदनला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काल येऊन त्यानेच ते जुनं सॉफ्टवेअर, फायली, सगळं नव्या लॅपटॉपवर लावून दिलं.

“वहिनी, हे बनवलंय विंडोजसाठीच,” तो म्हणाला होता, “पण आताचं विंडोज ह्याला वळखूनच न्हाई राह्यलं. लई डोकं फोडलं. मंग विंडोज काढून त्याच्या जागी लिनक्स टाकलं, तिथं चाललं बराबर.”

“परक्या घरात चाललं?”

“मधी दुभाषा बसवला ना. हे आपलं विंडोजच्या भाषेत मागतं, अक्षर दे, फाइल दे. दुभाषा ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो, अन् आलेलं ह्याच्या भाषेत ह्याला देतो. ह्याला फायली ठिवायला सी ड्राइव्ह लागतो, तर नावाला तसं एक फोल्डर करून ठेवलं. ह्याला बिलकुल पत्ता न्हाई. आपल्याच घरी हावोत, असं वाटतं त्याला.”

“अन् हा उशीर?”

“कोणता?” कल्याणने दोनतीनदा बटण दाबून पाहिलं. त्याला दिसला नाही. “सांगणं तिकडं जाऊन इकडं येतं, थोडं तर लागनच, वहिनी.” आणि चहा पिऊन तो गेला.

दिसला नाही. कसा दिसणार? अक्षर तर बरोबर उमटत होतं.

…आणि ही पत्रिका मंजिरीची होती. दुनियेच्या लेकींच्या पत्रिका केल्या, आता आपल्या लेकीची. गणपतीचं चित्र बसलं, मुहूर्त बसला, मुलाच्या आजोबांचं नाव, गावाचं नाव – कुंभार पिंपळगाव – सगळं जागच्या जागी बसलं. फक्त ‘चि. सौ. कां.’च्या पुढे मोकळी जागा होती आणि तिथे ती उभी रेघ लुकलुकत होती. छापखान्यात काम उद्या दुपारी जायचं, पण पहिली प्रत आजच घरच्या प्रिंटरवर काढायची होती. उद्या चतुर्थी; पहिली पत्रिका राजुरेश्वर गणपतीपुढे ठेवायची, मग माणसांना वाटायची. देवापुढे एकदा ठेवलेलं नाव कोण बदलणार?

सकाळीच मुलाच्या काकांचा, काकासाहेबांचा फोन आला होता. माणूस गोड. “विहीणबाई, पत्रिकेवर ईश्वरीच टाका. गुरुजींनी अक्षर काढून दिलंय. तांदळावर तर लिहायचंच हे, पण लोकाईला आधीच ठाऊक झालेलं बरं, न्हाई का?”

“बरं,” ती म्हणाली होती. किती पटकन म्हणाली!

तांदूळ… तिच्या लग्नातले, पितळी ताटात पसरलेले, हळदीचा हात लागून कडेला पिवळे झालेले. सोमेश्वरच्या बोटांत अंगठी धरलेली, बाया हसतायत. त्याने ‘तृप्ती’ असं लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि केदारखेड्याच्या माहेराहून आलेली दैवशाला त्या ताटाकडे बघत राहिली. दैवशाला हे नाव तिला कधीच आवडलं नव्हतं, शाळेत पोरी चिडवायच्या. उलट बरंच वाटलं होतं, छान छोटं नाव मिळालं म्हणून. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ खिरीत गेले आणि तिनेही ती खीर खाल्ली.

या घरात कुणी छळलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर सुनेचं दुःख म्हटलं की लोक लगेच सासूकडे बघतात. सासूबाई भल्या होत्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातून “तृप्ती… ए तृप्ती…” अशा हाका मारल्या आणि ही आपली निवांत अंगण झाडत राहिली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ऐकू कमी येतं का गं पोरी?” त्यानंतर ती शिकली. हाक आली की वळायची. पण हाक आणि वळणं यांच्यामध्ये… आत कुणीतरी विचारायचं, कोणाला बोलावतायत? आणि आतूनच कुणीतरी सांगायचं, तुला. मग ‘आले’. एवढं सगळं पापणी लवायच्या आत. कुणाला कळलं नाही. सोमेश्वरलाही नाही, मंजिरीच्या वेळी दवाखान्यात नर्सने नाव पुकारलं तेव्हाही नाही. तिला वाटलं होतं, एक दिवस जाईल हे. गेलं नाही.

आई होती तोवर केदारखेड्याला ती दैवशाला होती. आता तिथेही तृप्तीताई. मागच्या दिवाळीत भावाच्या नव्या सुनेने माळ्यावरचा पितळी डबा घासायला काढला, त्यावर कोरलेलं नाव वाचलं आणि विचारलं, “दैवशाला कोण हो?” – आणि भावजयीला क्षणभर आठवावं लागलं. आताचं विंडोज वळखूनच न्हाई राह्यलं, कल्याण म्हणाला होता. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता येईना.

तिने खुर्ची मागे सारली, जिन्यापाशी गेली. वर गच्चीवर मंजिरी शेवया वाळत घालत होती.

“मंजे!”

“ओ!”

हाक संपायच्या आत ‘ओ’. मध्ये काही नाही… काही म्हणजे काहीच नाही. हाक आणि पोरगी एकच होती. आजवर हजारदा हाक मारली होती तिला, हे कधी ऐकलंच नव्हतं.

मंजिरी हाताचं पीठ झटकत खाली आली. “काय गं?”

“काकासाहेब पत्रिकेवर ईश्वरी टाका म्हणून राह्यले.”

“टाक की मंग. बँकेत, ऑफिसात मी मंजिरीच राहणार हे. बोलणं झालंय आमचं दोघांचं.”

“अन् घरात?”

“घरात काय? हाक मारतील, मी ओ देईन.” मंजिरी हसली. “तुझं न्हाई का झालं सगळं बराबर?”

“झालं,” तृप्ती म्हणाली.

झालंच होतं. खोटं काय होतं त्यात? अक्षर बरोबर उमटत होतं. कसं सांगावं हिला, की ‘ओ’ देशील गं, पण आत्ता दिलीस तशी पुन्हा नाही… कल्याणला पडद्यासमोर बसून जे दिसलं नाही, ते हिला बोलून कसं दिसणार? मंजिरी पुन्हा वर गेली. शेवयांवर चिमण्या बसल्या असतील.

तृप्ती खुर्चीत बसली. बोट खळग्यात ठेवलं. मंजिरी, असं जुळवलं; प्रत्येक अक्षर थांबून थांबून आलं. पुसलं. ईश्वरी, असं जुळवलं. तेही तसंच आलं, तितक्याच उशिरा. पुसलं. कल्याण म्हणतो, ह्याला पत्ता नाही. कशावरून? प्रत्येक वेळी हे थांबतं, विचारतं, उत्तर घेतं, मगच अक्षर देतं – ज्याला पत्ता नाही ते थांबेल कशाला? मी थांबत होते. म्हणजे मला पत्ता होता. एवढी वर्षं, प्रत्येक हाकेला.

“तृप्ती!” पुढच्या दुकानातून सोमेश्वरचा आवाज आला. “झाली का पत्रिका? उद्या देवापुढं ठिवायचीय.”

हाक तिने ऐकली. कोणाला बोलावतायत? – आतून आलं, नेहमीसारखं. पण आज ती घाईने पुढे गेली नाही. आजवर जिथून धावतच बाहेर पडत आली होती, त्या एवढ्याशा जागेत ती पहिल्यांदाच थांबली. जागा रिकामी नव्हती. दैवशाला तिथेच होती, आणि तृप्तीची प्रत्येक ‘ओ’ आजवर तीच देत आली होती.

“अगं ए, झाली का?”

‘ओ’ गळ्यापर्यंत आली होती. तिने ती तिथेच धरून ठेवली. समोर ‘चि. सौ. कां.’च्या पुढे रेघ लुकलुकत होती, आणि बोट खळग्यात होतं, अजून न दाबलेलं.