काचेमागचे ट्रेडल

मित्रांनो, मी एक जुने छापयंत्र आहे. पायाने चालते, म्हणून मला ट्रेडल म्हणतात. माझ्या अंगावर साल कोरलेले नाही. त्यामुळे वयाबद्दल मी काही सांगणार नाही.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. तिथल्या कोहक्यातल्या शेषरावांच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका छापल्या. त्यांची मुलगी कमलिनी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यात वडिलांहून वेगवान झाली. लोक त्याला देवाची देणगी म्हणत. तो सराव होता. पुढे ऑफसेट यंत्रे आली. माझे दिवस संपत आल्याचे तिने ओळखले आणि मुद्रणाचा डिप्लोमा करायचे ठरवले.

जवळच्या नेहरू नगरात एक खासगी संस्था निघाली होती. तिचे रंगीत पत्रक कमलिनीने भिंगाखाली धरले.

"बाबा, हे पाहा. लाल रंग काळ्याच्या बाहेर गेला. ज्याइले सोताचं पत्रक छापता येत नाही, ते मले काय शिकवतीन? वरून फी सरकारीच्या तिप्पट."

सरकारी अभ्यासक्रम दोन होते, एक नागपुरात आणि एक भोपाळकडे. दोन्ही स्वस्त, दोन्हीकडे चालती यंत्रे. दोन्हीकडे अर्ज करू, असे ती म्हणाली. शेषराव हसले.

"भोपाळ कायले? तिथं आपलं कोन हाय? नागपूर तं घरच हाय आपलं."

भिलाईत अर्धे आयुष्य काढूनही ही माणसे गाव विचारले की नागपूरच सांगत. भोपाळची मुदत टळली.

अर्ज द्यायला गेलेले शेषराव नागपूरहून परतल्यावर माझ्या पाटावर हात टेकून उभे राहिले.

"तो खिडकीवरचा म्हने, काका, तुमी नागपूरचे असाल. पोरगी मध्य प्रदेशची हाय. जागा इथल्या पोराइले."

"आता पुढच्या सालापर्यंत थांबली, तं तुमच्या बहिनी तिचं लगन लावून मोकळ्या होतीन," कमलिनीची आई अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. एका स्थळाची विचारणा आलेलीच होती.

नेहरू नगर तेवढे उरले. फी परवडणारी नव्हती. संचालकांनी तोडगा काढला: काही फीऐवजी ट्रेडल द्या, प्रयोगशाळेत यंत्र दिसायला हवे.

"बरं हाय बाबा," कमलिनी म्हणाली. "माह्यासंगच राहीन ते."

मला हिरवा रंग दिला, शाईचे रूळ काढून ठेवले आणि काचेमागे कुलूपबंद उभे केले. पाटी लावली: 'छूना मना है'. शिक्षक फळ्यावर माझी आकृती काढत. कमलिनी ती वहीत उतरवी.

"सर, एक बार चलाकर दिखा दूँ? हमारा ही है."

"इंस्पेक्शन हो जाने दो, बेटी."

तपासणी झाली. तपासनिसांनी माझ्या रंगाची प्रशंसा केली. काच उघडली नाही.

डिप्लोमा घेऊन कमलिनी रायपूरच्या एका छापखान्यात मुलाखतीला गेली. तिथे ऑफसेट यंत्र लावून दाखवायला सांगितले. तिने कागद मागितला आणि त्या यंत्राची निर्दोष आकृती काढून दिली. नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. पत्रिका बाहेरून छापून आणावी लागली.

मित्रांनो, गंज ही रासायनिक क्रिया आहे. मी तिला दुःख म्हणणार नाही. पण न चालवलेले यंत्र गंजते, याला अपवाद मला ठाऊक नाही. शिकायची जागा निवडाल तेव्हा फी जरूर विचारा. मग यंत्राजवळ जा आणि म्हणा, हे आम्हाला चालवू द्या. कोणी किल्ली शोधू लागला, तर तिथे नाव घालू नका.