साधं चिकन, मीठ न घालता

"कालचंच ना, काका? साधं चिकन, मीठ न घालता?"

गल्ल्यावरच्या मुलीचं बोट बटणावर तयारच होतं. बर्फ्या तिच्याकडे बघतच राहिला. हॉटेलच्या या शाखेत त्यानं आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. काल तर तो तीन तासांच्या वाटेवर, दुसऱ्याच शाखेत कोल्ड रूमच्या मशीनखाली आडवा पडला होता.

माणूस चुकलीस पोरी, असं तो म्हणाला. ती ऐकेना. तिचा कामाचा दुसराच दिवस, एकेक चेहरा पाठ होता म्हणे. त्या शेवटच्या टेबलावर बसला होतात, भिंतीकडे तोंड करून.

भिंतीकडे तोंड करून जेवणारा बर्फ्याला एकच माणूस ठाऊक होता, आणि त्याला जाऊन वर्ष झालं होतं. त्याचा थोरला भाऊ.

दोघंही या हॉटेलांच्या कोल्ड रूम दुरुस्त करायचे. बर्फ्या हे नावही थोरल्यानंच पाडलेलं. एका साच्यातून काढल्यासारखे दोघं. पाठमोरे असले की वहिनीसुद्धा फसायची. शाखा वाटून घेतल्या होत्या आणि दुखणं मात्र दोघांना एकच, किडनीचं. डॉक्टरनं मीठ तोडलं, बटाटा-टोमॅटो तोडला. पण फिरतीवरचा माणूस जिथं काम तिथंच जेवणार. तेव्हा धाकट्यानंच अक्कल पाजळली होती: दादा, इथं सगळं विष आहे, तू आपलं साधं चिकन घे आणि मीठ घालू नको म्हण.

थोरला इमानेइतबारे रोज तेच खात राहिला. पाय सुजले, दम लागायला लागला, तरी डॉक्टरला छातीठोकपणे सांगायचा की मिठाचा कण तोंडात नाही. तसाच गेला.

त्याचे दिवस झाल्यावर बर्फ्या कामावर आला आणि कोल्ड रूममध्ये चिकनची एक पिशवी त्याच्या पायावर पडली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की चिकन कारखान्यातूनच मिठाच्या पाण्यात मुरवून येतं. वीस वर्षं त्याच पिशव्या बाजूला सारून तो मशीनला हात घालत होता. वाचली एकही नव्हती. वहिनीला सांगायला जीभ रेटली नाही. तेव्हापासून तो स्वतः साधा भात, पाणी काढून टाकलेला उकडलेला कोबी आणि अंड्याचा पांढरा भाग एवढंच मागायचा. आचारी तोंड वाकडं करायचे, करू देत.

थोरल्याच्या वाटणीच्या शाखा या आठवड्यात त्याच्या गळ्यात पडल्या होत्या. रोज एक शाखा.

दुसऱ्या दिवशी पुढच्या शाखेत वाढप्यानं न विचारताच साधं चिकन आणून ठेवलं. काल तुम्हीच तर सांगितलंत, म्हणाला. बर्फ्यानं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. सगळ्या शाखा सारख्याच, तीच पिवळी टेबलं, तेच दिवे, भिंतीवर तेच चित्र. आणि शेवटच्या टेबलाची खुर्ची, जणू कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी, मागे सरकलेली.

म्हणजे दादा एक दिवस पुढं आहे. अजून माझंच ऐकतोय, अजून तेच खातोय.

तिसऱ्या दिवशी त्यानं ठरलेली शाखा सोडली आणि गाडी थेट त्याच्या पुढच्या शाखेला नेली. साहेब ओरडले तर ओरडू देत. भर दुपारी हॉटेल भरलं होतं. त्यानं आपला भात-कोबी घेतला आणि ताट हातात धरून शेवटच्या टेबलाकडे वळला.

तिथं निळ्या सदऱ्याची पाठ होती. मान जराशी डावीकडे कललेली. आजूबाजूची टेबलं गच्च, पण त्या टेबलाजवळ कुणी बसत नव्हतं. बर्फ्याचे पाय कोल्ड रूममध्ये पडतात तसे गार पडले.

तो समोर जाऊन बसला नाही. मागेच उभा राहिला, तोंड बघायची छाती झाली नाही. हात लांब करून त्यानं चिकनची ताटली ओढली आणि तिथं आपलं ताट सरकवलं.

"दादा, ते खाऊ नको," तो हळूच म्हणाला. "त्यात मीठ असतं. पहिल्यापासूनच होतं. मी न बघता सांगितलं तुला."

पाठ हलली नाही. मग चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला.

बर्फ्या चिकनची ताटली घेऊन मोरीपर्यंत गेला, कचऱ्याच्या डब्यात उपडी केली आणि हात धुतले. परत आला तेव्हा टेबल पुसणाऱ्या बाई तिथंच उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती, ताटात भाताचं शीतही नव्हतं.

"भूक लागली होती वाटतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसरं आणायला सांगू?"

बर्फ्याच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यानं नको म्हटलं, सरकलेली खुर्ची टेबलाखाली नीट लावली आणि आपले पाने-पकडी उचलून कोल्ड रूमकडे गेला.