बोलतं टेबल

"बटन," कॉम्प्युटर म्हणाला. सुरैय्यानं कीबोर्डवरचा टॅब दाबला. "बटन." पुन्हा दाबला. "बटन."

"काय म्हनून रायला वं तो?" समोर बसलेल्या कौशल्याबाईंनी विचारलं.

"काई नाई मावशी. नवा आहे ना, अडखळून रायला जरासा."

कॉम्प्युटर जुनाच होता, नवं होतं ते सॉफ्टवेअर. निराधारांच्या पेन्शनचे अर्ज आता त्यातच भरायचे, असा वरून हुकूम आला होता. त्यात म्हणे सगळी रंगीत चित्रं होती. शेजारच्या टेबलावरच्या श्यामनं पहिल्याच दिवशी त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं. पण चित्रामागे नाव लिहून ठेवायचं कोणालाच सुचलं नव्हतं, आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारा सुरैय्याचा स्क्रीन रीडर बिचारा नाव असलं तरच वाचणार. नसलं की त्याचं आपलं एकच, बटन.

सुरैय्याला जन्मापासून दिसत नव्हतं. अकोल्यात रुई पिंजणाऱ्या जैनुद्दीनची ही लेक अमरावतीला जाऊन कॉम्प्युटर शिकली, आणि अपंगांच्या जागेवर या तालुक्याच्या कचेरीत लिपिक म्हणून लागली. कचेरीनं तिला इअरफोन दिला होता, तो तिनं कधी कानाला लावलाच नाही. तिच्या टेबलावर स्पीकर असायचा. अर्ज भरून झाला की ती तो पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लावायची. कपाशीनं दगा दिलेली ती सालं. नवरा गेलेल्या बाया रांगेनं यायच्या आणि त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नसे. स्वतःचं नाव, गेलेल्या माणसाचं नाव, पोरांची वयं त्या कॉम्प्युटरच्या तोंडून ऐकायच्या, चुकलं तर तिथंच भांडायच्या आणि मगच अंगठा द्यायच्या. श्याम रिकामा बसलेला असला तरी इथंच ताटकळत उभ्या राहायच्या. सुरैय्याच्या टेबलाला बाया बोलतं टेबल म्हणत. सुरैय्याला त्या नावाचा फार अभिमान होता, कोणाला सांगत नसली तरी.

नवं सॉफ्टवेअर आल्यावर तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावला होता. तिकडच्या मुलानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, स्क्रीनवर हिरवं बटन दिसतंय का?" कचेरीचे साहेब वामनराव मात्र भले माणूस. "जमत नसन तर सांगा सुरैय्याबाई, दुसरी सोय करू तुमची," ते म्हणाले. त्या दुसऱ्या सोयीचीच तिला धास्ती बसली. तिनं शिपाई ओमप्रकाशला शेजारी बसवून कोणतं बटन कुठे आहे ते विचारून घेतलं आणि टॅब किती दाबायचे ते बोटांना पाठ करून टाकलं. अर्ज भरले जाऊ लागले. फक्त भरलेला अर्जही तिथं चित्र होऊनच समोर यायचा, त्यामुळे तो मोठ्यानं वाचून दाखवता येईना.

"झाला काय वं भरून?" कौशल्याबाई म्हणाल्या. "वाचून दाखव ना मंग. त्याहिचं नाव बरोबर लिवलं काय, ते आयकू दे."

सुरैय्याची बोटं थांबली. श्यामला हाक मारली असती तर त्यानं वाचून दाखवलं असतं. पण मग साहेबांच्या कानावर गेलं असतं.

"बरोबर हाये मावशी. माह्यावर भरोसा ठेवा."

"बरं बाप्पा," म्हणून कौशल्याबाईंनी अंगठा दिला. सुरैय्यानं टॅब मोजले आणि नेहमीच्या जागेवरचं बटन दाबलं. कौशल्याबाई बसची वेळ झाली म्हणून लगबगीनं निघून गेल्या.

पेन्शन येईना म्हणून दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या. श्यामनं अर्ज शोधला. मग हळूच म्हणाला, "रद्द आहे हा. तुह्याच लॉगिनवरून झाला, सुरैय्या."

कौशल्याबाईंचा अर्ज भरला त्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरमध्ये एक चित्र नव्यानं घुसवलं होतं आणि तासाभरात काढूनही टाकलं होतं. तेवढ्या वेळात बाकीची एकेक घर पुढे सरकली होती, आणि ‘पुढे पाठवा’च्या जागी ‘रद्द करा’ येऊन बसलं होतं. दोन्हींना कॉम्प्युटर बटनच म्हणत होता. एकदा रद्द झालेला अर्ज इथून उघडत नसे. आता जिल्ह्याला खेटे घालायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

वामनराव केबिनमधून बाहेर आले. "सर्व्हरची गडबड झाली म्हणून सांगून टाकू बाईले," ते पुटपुटले. "असं होत राह्यते."

सुरैय्या उठून उभी राहिली. "मावशी, सर्व्हर नाई. मीच चुकीचं बटन दाबलं. मले ते वाचता येत नवतं, अन् म्या तुमाले सांगतलं नाई."

कौशल्याबाईंनी पिशवी उचलून काखेत घेतली. शिव्या दिल्या असत्या तर सुरैय्याला बरं वाटलं असतं.

"चुकी होते वं, मानसाच्यानंच होते," त्या म्हणाल्या. "पन तू भरोसा ठेवा म्हनली व्हती."

आणि त्या श्यामच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

सोमवारपासून वामनरावांनी दुसरी सोय केली. पगार तोच. जिन्याखाली एक टेबल, त्यावर फोन. आलेले फोन घ्यायचे, निरोप सांगायचे. सुरैय्या वेळेवर येऊन बसली. दुपारपर्यंत फोन वाजला नाही. जेवणाची सुट्टी झाली, तरी वाजला नाही. तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच आवाज नव्हता.

पाण्याचा जग घेऊन ओमप्रकाश जिन्यावरून उतरत होता. तिला तसं पाहून तो अवघडला. "ताई, तो तं कवाचाच बंद हाये. साहेबानं सांगतलं नाई काय तुमाले?"

"सांगतलं ना," सुरैय्या म्हणाली.

ओमप्रकाशची पावलं दूर गेल्यावर तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला. ओढणी सारखी केली, खुर्ची पुढे ओढली आणि ताठ बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला ही बाई कामावर आहे असं दिसायला हवं होतं.